पांढरे मोजे

कामाच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आतून हाक मारली आणि 'नोमी' एवढंच म्हणाल्या. मी वाटीभर पाणी घेऊन गेले. जपानीत 'नोमी' म्हणजे पिणं. ऑफिस सुटल्यावर नवऱ्याचे सहकारी जिथं जाऊन बसतात ती 'नोमीकाई' मला माहीत होती. तेवढ्या भांडवलावर मी ठरवलं की टेबलावरच्या मांजराला तहान लागली असणार. डॉक्टरबाईंनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाटीत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि ती ठेवून घेतली. पाणी वाया गेलं नाही. फणीत आलेल्या पिसवा त्यातच बुडवायच्या होत्या. नोमी म्हणजे पिसूसुद्धा.

दवाखाना छोटा. एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई स्टेशनापासून सायकलनं पंधरा मिनिटं, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. निशी-कासाई म्हणजे टोकियोतलं आपल्या माणसांचं ठाणं. २००० सालाच्या आसपास संगणकवाले भारतीय इथं राहायला लागले, आणि आता सकाळी तोझाई लाइनच्या डब्यात मराठी कानावर पडलं तर कुणी मान वळवत नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या बायकोला आठवड्याला २८ तासच काम करता येतं, तेही वेगळी परवानगी काढून. पुण्यात मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढली होती. ती इथं कुणाच्या हिशेबात नव्हती. पण या दवाखान्याच्या काचेवर 'माणूस पाहिजे' अशी चिठ्ठी होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, मांजरानं ओरबाडलं तरी रुसणार नाही असा. म्हटलं, आपण दोन दिरांच्या घरात नांदलोय. गेले.

काम म्हणजे टॉवेल धुणं, पिंजरे पुसणं, वजन करणं, कार्ड काढणं, आणि मुख्य म्हणजे धरणं. ज्याची भाषा तोडकीमोडकी त्याच्या हाती जनावर देतात, कारण जनावराला व्याकरण लागत नाही. मांजराची मानगूट कशी धरायची, पुढचे पाय टॉवेलात कसे गुंडाळायचे, हे मी शब्दांआधी शिकले. आणि मग फणी. आपल्याकडे उवा काढायची असते तशीच, दाते त्याहून दाट, मूठ लाकडी. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवायची. पिसू दरवेळी सापडतेच असं नाही. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि बऱ्याच पिसवा गिळून टाकतं. पण फणीत काळे कण येतात, मिरी भरडल्यासारखे. धूळ म्हणून ते झटकून टाकावेसे वाटतात. ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले की मिनिटाभरात त्यांच्याभोवती तांबूस वर्तुळ पसरायला लागतं. ती पिसवांची विष्ठा. म्हणजे मांजराचंच रक्त, वाळलेलं. लॅबमध्ये नऊ वर्षं रक्तच बघितलेल्या मला ते वर्तुळ पहिल्यांदा दिसलं तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सापडलेली पिसू नखावर चिरडायला मनाई होती. माझे अंगठे आपोआप जुळायचे, आणि डॉक्टरबाई टेबलावर बोटानं टकटक करायच्या. पिसूच्या पोटात टेपवर्मची पिल्लं असू शकतात; हाताला लागून ती तोंडात गेली तर माणसाच्या, त्यातही लहान मुलांच्या, पोटात वाढतात. शिवाय तिच्या विष्ठेतून मांजराच्या नखांवर जाणारा एक जंतू ओरखड्यातून माणसाला ताप आणतो, काखेत गाठ आणतो. म्हणून साबणपाणी. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, पाय मारते, निघूनही जाते. साबण पडला की पाण्याचा वरचा ताण सुटतो आणि ती दगडासारखी तळाशी जाते.

औषध देणं हा सोपा भाग. मानेच्या मागे, जिथं मांजराची जीभ पोचत नाही तिथं, केस बाजूला सारून कातडीवर थेंब टाकायचे. फिप्रोनिल असेल, सेलामेक्टिन असेल. अंगावरच्या पिसवा एक-दोन दिवसांत मरतात आणि महिनाभर काम भागतं. अवघड असतं ते मालकिणीला सांगणं. टोकियोत 'तुमच्या मांजराला पिसवा झाल्यात' हे वाक्य 'तुमचं घर अस्वच्छ आहे' असंच ऐकू जातं, आणि समोरची बाई इतक्या वेळा माफी मागते की आपल्यालाच गुन्हा केल्यासारखं वाटतं. डॉक्टरबाई म्हणून वाक्य फिरवून घ्यायच्या. "यंदा त्सुयु फार लांबलाय नाही," असं हवेवरून सुरू करायचं. त्सुयु म्हणजे जून-जुलैचा इथला पाऊस. आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, रुसलेल्या माणसासारखा दिवसचे दिवस टिपटिपत राहतो. मग हळूच ओला कागद दाखवायचा. रिसेप्शनवर बाकीची माणसं बसलेली, म्हणून मोठ्यानं 'नोमी' म्हणायचं नाही. कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'の' असं एक अक्षर काढायचं. 'नो' म्हणतात त्याला, गोगलगायीच्या पाठीसारखं वळलेलं असतं. ते अक्षर दिसलं की मी त्या पिंजऱ्यातला टॉवेल वेगळ्या बादलीत टाकायची.

एक आजीबाई मात्र या सगळ्या शिष्टाचाराच्या पलीकडच्या होत्या. एकदा नवरा मला न्यायला आला. तो माझ्या कानाशी येतो, आणि अंगानंही माझ्या निम्मा. आजीबाईंनी आम्हा दोघांना आळीपाळीनं पाहिलं आणि खुदकन हसून म्हणाल्या, "नोमी नो फूफू." पिसवांचं जोडपं! डॉक्टरबाई संकोचानं लाल झाल्या. पण जपानीत हा वाक्प्रचार जुनाच आहे. पिसूची मादी नराहून मोठी असते, म्हणून बायको थोराड आणि नवरा चणीचा असला की त्यांना असं म्हणतात. नवरा रस्ताभर हसत होता. मला हसायला दोन दिवस लागले.

त्याच आजीबाईंनी मला मांजराच्या पिसवा काढून देणाऱ्या एदोकाळातल्या माणसांची गोष्ट सांगितली. खरं तर थट्टाच करत असाव्यात असं वाटलं, पण डॉक्टरबाईंनी दुजोरा दिला. सतराव्या शतकातल्या इहारा साइकाकुच्या लिखाणात ही माणसं आली आहेत. गल्लीतून आरोळी देत फिरायचं, मांजराला कोमट पाण्यानं न्हाऊ घालायचं, आणि ओलंच लांडग्याच्या कातड्यात गुंडाळायचं. भिजलेल्या अंगावरून पिसवा कोरड्या केसांत जातात. मग कातडं रस्त्यावर नेऊन झटकायचं. एका मांजराचे तीन मोन. युक्ती झकास, पण माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो झाडलेल्या पिसवा पुढे कुणाच्या घरी जात असतील हा. गिऱ्हाईक टिकवायची ती एक रीत असावी.

डॉक्टरबाईंचं खरं म्हणणं जमिनीबद्दल असायचं. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा घरातल्या एकूण पिसवांच्या शंभरात पाच. बाकीच्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोश होऊन घरात पसरलेल्या असतात. मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, दिवसाला चाळीस-पन्नाससुद्धा. अंडी गुळगुळीत, चिकटत नाहीत. मांजर जिथं झोपतं, उडी मारतं, तिथं मिठासारखी गळतात. अळीला उजेड सोसत नाही, ती खाली खाली जाते. गालिच्याच्या मुळाशी, तातामीच्या दोन चटयांमधल्या फटीत. खायला वरून पडणारे तेच काळे कण. म्हणजे आई वर जेवते आणि मुलांसाठी खाली टाकते. हे ऐकून मला किळसेपेक्षा कौतुकच जास्त वाटलं. हवा कोरडी असली तर अळ्या वाळून मरतात. पण त्सुयुत टोकियो कोरडं कुठून असणार?

आणि मग कोश. अळी रेशीम विणते, ते चिकट असतं, त्याला धूळ लागते. कोश म्हणजे धुळीचाच एक गोळा दिसतो. आत पिसू तयार होऊन बसलेली असते, पण बाहेर येत नाही. पायांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला तरच येते. नाहीतर काही महिने तशीच बसून राहते. कोशावर औषध चालत नाही. हे वाक्य मी मालकिणींना पाठ म्हणून दाखवायची, अगदी सफाईनं. "औषध घातलं तरी दोन-तीन महिने पिसवा दिसतील. औषध निकामी आहे असं समजू नका. मांजराला कोंडू नका, सगळ्या खोल्यांतून फिरू द्या. औषध लावलेलं मांजर हाच सापळा." डॉक्टरबाई मागून मान डोलवायच्या.

आता दिव्याखालचा अंधार.

आमच्या घरी एक मांजरी आहे. डाव्या कानाला पाकळीसारखी खाच असलेली, म्हणजे रस्त्यावरून पकडून, ऑपरेशन करून सोडलेली. अशा मांजरांना इथं साकुरा-नेको म्हणतात. तिचा पाय मोडला म्हणून कुणीतरी दवाखान्यात आणून ठेवली होती आणि थोडे दिवस सांभाळायला म्हणून मी घरी नेली. थोडे दिवस चारेक वर्षं चालू आहेत. तिचं नाव मुगी. मुगी म्हणजे सातू, तिच्या रंगावरून. फोनवर सासूबाईंना ते 'मुंगी' ऐकू आलं, आणि त्यांनी ते बदललं नाही. आमचा फ्लॅट जुन्या लाकडी बांधणीचा, दोन खोल्या, त्यातली एक तातामीची. प्राणी चालतील असं लिहिलेलं घर परवडणाऱ्या भाड्यात एवढंच मिळालं.

मुगीला दर महिन्याला थेंब टाकायला हवे होते. मी टाकले नाहीत. मांजरी घराबाहेर जात नाही, दुसऱ्या मजल्यावर पिसू येणार कुठून, असा विचार. पिसू येणार माझ्या पायाला चिकटून, रोज संध्याकाळी साडेपाचला. दवाखान्यात शंभर पिसवा हाताळणाऱ्या बाईच्या हे डोक्यात येऊ नये! मार्च, एप्रिल, मे, जून. जुलैत मुगी खाजवायला लागली तेव्हा मी तिला घाईघाईनं थेंब टाकले, अंगावरच्या पिसवा मेल्या, आणि मी विषय मिटला असं समजून ऑगस्टची तिकिटं काढली. मुगीला दवाखान्याच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं, खिडक्या लावल्या, आणि आम्ही तिघं तीन आठवडे साताऱ्याला गेलो.

परत आलो ती ऑगस्टअखेरची संध्याकाळ होती. बंद घरात गरम भाताच्या डब्यासारखी वाफ. दारातल्या गेनकानमध्ये बूट काढले, लेकीला विमानात थंडी वाजते म्हणून दिलेले पांढरे मोजे तिच्या पायात तसेच होते. ती तातामीच्या खोलीत पळत गेली, खिडकी उघडायला. मी बॅगा ओढत मागून आले तर ती खाली बघत उभी. "आई, मोज्यावर तीळ." तीळ हलत होते. घोट्यापर्यंत वीस-पंचवीस, आणि मी वाकून बघेपर्यंत त्यातले काही उडाले. एक माझ्या मनगटावर आली.

तीन आठवडे त्या खोलीत कुणी चाललं नव्हतं, श्वास घेतला नव्हता. कोश तयार होते. आम्ही पाय ठेवला आणि सगळ्या पिसवा एकदम उठल्या. उपाशी, आणि मांजर घरात नाही. मी हेच पाठ केलेलं वाक्य इतरांना किती वेळा सांगितलं होतं. लेकीला उचलून मी न्हाणीत उभं केलं. तिच्या पोटऱ्यांवर दुसऱ्या दिवशी लाल गांधी आल्या, तीन-तीनच्या रांगेत. नवऱ्याला एकही चावली नाही. नोमी नो फूफू म्हणे.

रात्री साताऱ्याला फोन केला तो रडायलाच. सासूबाई म्हणाल्या, "कापूर जाळ, कडुनिंबाचं तेल चोळ मुंगीला." मी दवाखान्यात विचारलं तर डॉक्टरबाईंनी दोन्ही हात हवेत फुलीसारखे धरले. कापूर मांजराला विषारी, वासाची तेलंही बेतानं. टी-ट्री तेलानं तर मांजरं दगावतात. मांजराचं यकृत बऱ्याच गोष्टी आपल्यासारखी पचवून टाकत नाही. याचं एक उदाहरण मी स्वतः धरलेलं होतं. भारतातून आणलेलं कुत्र्याचं औषध एकांनी मांजराला अर्धं अर्धं करून लावलं होतं. त्यात परमेथ्रिन होतं. मांजर टेबलावर थरथरत होतं, कान, मिशा, पाय, सगळं. मी दीड तास त्याला टॉवेलात धरून होते आणि ती थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती. ते वाचलं. दर वेळी वाचत नाही.

परमेथ्रिनचं मूळ जपानी घराला नवं नाही. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटकांना मारणारं द्रव्य असतं, त्याची ही रासायनिक चुलत बहीण. वाकायामाच्या उएयामा एइइचिरो या संत्र्यांच्या बागायतदाराला १८८६ साली एका अमेरिकन व्यापाऱ्याकडून त्या फुलाचं बी मिळालं. फुलं वाळवून, कुटून त्यानं आधी पिसवा मारायची भुकटी केली. डासांची उदबत्ती नंतरची. आणि उदबत्ती लवकर संपते म्हणून ती नागासारखी वेटोळी करावी ही कल्पना त्याच्या बायकोची. १९०२ पासून ती तशी विकायला आली. आपली कासवछाप त्याच वळणाची. हे मला दवाखान्यातल्या जुन्या कॅलेंडरनं शिकवलं, आणि त्या रात्री वेटोळं लावून बसल्यावर पिसवांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग बाराशे येनचा धुराचा डबा आणला. इथं तो औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पण डबा पेटवायचा म्हणजे नुसता पेटवायचा नाही. छतावरच्या आगीच्या गजराला प्लास्टिकची पिशवी बांधायची, नाहीतर अग्निशमन दल येतं. आणि शेजाऱ्यांना आधी सांगायचं, कारण लाकडी भिंतींच्या फटींतून धूर जातो. म्हणजे चार दारं वाजवून 'आमच्या घरी पिसवा झाल्यात' असं सांगायचं, माझ्या जपानीत, हवेवरून सुरुवात करून. मी मिठाईचे चार डबे घेतले. इथं माफी रिकाम्या हातानं मागत नाहीत. तीन दारांत मान झुकवून झाली. चौथ्या दारात पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा. मी त्सुयुवर यायच्या आत ते म्हणाले, "नोमी?" आणि चेहरा उजळला. "नात्सुकाशीई!" म्हणजे जुन्या, हव्याशा आठवणीनं गळा भरून येणं. लढाईनंतर ते सात वर्षांचे होते. अमेरिकन सैनिक शाळेत येऊन मुलांच्या डोक्यावर, शर्टाच्या आत पांढरी डीडीटी फवारायचे, उवांसाठी. पोरं पिठात लोळल्यासारखी घरी जायची. प्रत्येक घरात पिसवा होत्या आणि भावंडं रात्री कुणी जास्त पकडल्या याची पैज लावायची. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. मिठाईचा डबा तिथंच फोडला.

धुरानं वरवरच्या पिसवा मेल्या, अळ्याही काही गेल्या असतील. तिसऱ्या दिवशी नव्या आल्या. कोश.

त्यानंतरचे अडीच महिने मी व्हॅक्यूम क्लीनर चालवत होते. रोज, तातामीच्या विणीच्या दिशेनं, कापडी काठांवरून दोनदा. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कीटकतज्ज्ञांनी २००७ साली मोजून दाखवलं की नुसत्या व्हॅक्यूमनं शंभरातल्या शहाण्णव मोठ्या पिसवा मरतात, आतल्या घुसळणीनंच. डॉक्टरबाई आणखी एक कारण सांगायच्या: व्हॅक्यूमची थरथर कोशांना जागं करते. ज्यांना उद्या यायचं त्या आज येतात आणि लगेच पकडल्या जातात. नवरा आणि मी तातामी उचलून भिंतीला टेकवल्या. खालच्या फळ्यांवर राखाडी भुगा, त्यात सुताच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळणारं, अर्धा सेंटिमीटर. मोबाइलचा दिवा टाकला तर ते फटीकडे सरकायला लागलं. एवढं पुस्तकी वागणं मी कुठल्या माणसाचं पाहिलेलं नाही. चादरी, मुगीची गोधडी, लेकीचे सगळे कपडे नाक्यावरच्या कॉइन लाँड्रीत. धुण्यापेक्षा तिथला गॅसचा ड्रायर कामाचा, त्या उष्णतेत काही टिकत नाही. वाळवताना शेजारच्या खुर्चीवरची मुलगी इयरफोन लावून डुलत होती आणि मी ड्रायरच्या गोल काचेतून गोधडीकडे टक लावून.

रात्री जमिनीवर टेबललॅम्प, त्याखाली पसरट ताटात साबणपाणी. पिसवा उजेडाकडे, उबेकडे उडी मारतात. सकाळी मोजायच्या आणि फ्रिजवरच्या कागदावर आकडा टाकायचा, लॅबची खोड. पहिल्या सकाळी एकेचाळीस. मग तेवीस, तीस, अठरा. मध्येच पुन्हा सत्तावीस, आणि त्या दिवशी मी कामावर कुणाशी बोलले नाही. अळ्यांची वाढ अडवणारं औषधही डॉक्टरबाईंनी फवारायला दिलं, पायरीप्रॉक्सिफेनचं. ते पिसूला मारत नाही, पोराला थोर होऊ देत नाही. हे द्रव्य सुमितोमो केमिकल या जपानी कंपनीनंच काढलेलं. मुगीला तिसऱ्या आठवड्यात घरी आणलं, दर महिन्याला मानेवर थेंब, आणि सगळी दारं उघडी. सापळा चार पायांवर फिरू लागला.

त्या दिवसांत मला पाटणची आजी फार आठवायची. आईची आई. कोयनेकाठी, पावसात चार महिने शेळ्या घरातच, माजघराला लागून. श्रावणात पिसवा व्हायच्या. आम्ही पोरं शेळीला धरून अंगावरच्या पिसवा वेचायचो आणि आजी ओरडायची, "शेळीला काय बघतासा? खालची जमीन बघा!" ती फावड्यानं गोठ्यातली वरची माती खरवडून उकिरड्यावर न्यायची, चुलीतली राख पसरायची, निरगुडीचा पाला टाकायची, आणि एखाद्या कोरड्या दिवशी वाळलं गवत पसरून त्याचा नुसता भडका करायची, जमीन तापेल एवढाच. शेळी बाहेर फणसाखाली बांधलेली. आजीला अंडी-अळी-कोश हे काही माहीत नव्हतं. पण आठ-दहा दिवसांनी ती परत खरवडायची. "परत येत्यात," एवढंच कारण सांगायची.

तिच्याच तोंडून ऐकलेली दुसरी गोष्ट तिच्या सासूची. प्लेगच्या साली उंदीर पडायला लागले की गाव घरं सोडून रानात खोपटात जायचं. १८९६ साली मुंबईत आलेला तो प्लेग पुढे कितीतरी वर्षं गावं उठवत होता. पुण्यात १८९७च्या मार्चमध्ये सावित्रीबाई गेल्या त्या त्याच साथीत. तो पसरवते कोण हे त्याच वर्षी टोकियोच्या एका प्राध्यापकानं सांगितलं होतं. ओगाता मासानोरी, टोकियोच्या शाही विद्यापीठातले. तैवानात त्यांनी प्लेगच्या उंदरांवरच्या पिसवा कुटून निरोगी उंदरांना टोचल्या. उंदीर प्लेगनं मेले. पुढच्या वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं मेलेल्या उंदरावरून निरोगी उंदराकडे पिसवाच रोग नेतात हे दाखवलं. उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडते आणि ऊब शोधत निघते. ती उंदराची पिसू, मांजराची नव्हे. पण तातामीवर पाय ठेवताच जे झालं त्यानंतर रिकाम्या घरात परत येणाऱ्या माणसांचा विचार मला पूर्वीसारखा करता येत नाही.

सप्टेंबरच्या एका सुट्टीच्या दिवशी मी हिरोओला गेले, शिबुयाजवळ. तिथल्या शोउन-जी देवळाच्या आवारात उंदरांचं स्मारक आहे. १८९९ साली जपानात प्लेग शिरला, तेव्हा टोकियो शहरानं एका उंदराला पाच सेन देऊन उंदीर विकत घेतले, ढिगानं मारले, आणि १९०२ साली त्या मारलेल्या उंदरांच्या आत्म्यांसाठी हा दगड उभारला. माणसाच्या उंचीहून मोठा, शेवाळ धरलेला. मी हात जोडले. मुंबईच्या कुठल्या चौकात असं काही असतं तर आपण काय म्हटलं असतं कोण जाणे. पिसवांसाठी मात्र कुणी दगड उभारलेला नाही, आणि त्या महिन्यात मी उभारू दिलाही नसता.

ऑक्टोबरच्या मध्यावर ताटात दोन आल्या. मग एक. मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा एक. नोव्हेंबरात थंडी पडली आणि फ्रिजवरच्या कागदावर सलग एकवीस शून्यं झाली. लेकीनं ते पांढरे मोजे घालून तातामीवर येरझाऱ्या घालायची ड्यूटी स्वतःकडे घेतली होती. ती रोज पाय वर करून तळवे दाखवायची.

कामावर मी मुगीचं कार्ड काढलं. कोपऱ्यात माझ्याच हातानं काढलेलं पेन्सिलीचं 'の' होतं, इतरांच्या कार्डांवर काढते त्याहून थोडं लहान. खोडरबर घेऊन मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, "घरी कोतात्सु लावलात का?" कोतात्सु म्हणजे पांघरूण घातलेलं बुटकं टेबल, खाली हीटर, थंडीत सगळं घर, मांजरासकट, त्याखाली पाय घालून बसतं. आदल्या रविवारीच लावला होता. त्या म्हणाल्या, आत ऊब, काळोख. मी खोडरबर खणात टाकलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.